नदीतळाची नोंद : पुलांच्या पायांखालील धूप व तिची मोजणी

गिरनारच्या पायथ्याशी ज्या शिळेवर अशोकाच्या आज्ञा कोरलेल्या आहेत, तिच्यावरच महाक्षत्रप रुद्रदामन् याचा संस्कृत लेख आहे. संस्कृत गद्याचा इतका जुना व इतका विस्तृत शिलालेख दुसरा नाही म्हणून भाषाभ्यासक त्याचा आदर करतात. चंद्रगुप्त व अशोक या दोघा मौर्य राजांची नावे त्यात एकत्र आली आहेत म्हणून इतिहासज्ञ करतात. परंतु लेखाचा मूळ विषय राजवंश नसून पाणी आहे, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. शकवर्ष ७२, मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, म्हणजे इसवी सन १५० च्या सुमारास, ऊर्जयत् पर्वतावरून येणाऱ्या सुवर्णसिकता, पलाशिनी इत्यादि नद्यांना महापूर येऊन सुदर्शन तलावाचा बांध फुटला. लेखकर्त्याने वादळाचे व लोटाचे वर्णन कवीला शोभेल असे केले आहेच. पण तेवढ्यावर न थांबता त्याने खिंडाराचे माप दिले आहे: लांबी ४२० हात, रुंदी तितकीच, आणि खोली ७५ हात. हात दीड फुटाचा धरला तर ही खोली सुमारे ११२ फूट होते. अठराशे वर्षांपूर्वी पाण्याने जमीन किती उकरली याची आकड्यांत दिलेली ही नोंद आहे, आणि भारतवर्षात अशी नोंद याहून जुनी माझ्या वाचनात नाही.

त्याच शिळेवर स्कंदगुप्ताच्या काळचा तिसरा लेख आहे. गुप्त संवत् १३६ मध्ये, म्हणजे इ. स. ४५५-५६ मध्ये, भाद्रपदातील षष्ठीच्या रात्री तोच बांध पुन्हा फुटला व पुढील वर्षी पर्णदत्ताचा पुत्र चक्रपालित याने तो बांधून काढला. नव्या बांधाची मापे तेथेही दिली आहेत. दोन्ही लेखांत एक गोष्ट समान आहे. माप घेतले गेले ते पूर ओसरल्यावर. प्रत्यक्ष पुरात, रात्री, पाण्याखाली काय चालले होते हे पाहणारा कोणी नव्हता, व पाहण्याचे साधनही नव्हते. प्रस्तुत लेखाचा विषय हे साधन होय. ते आता निर्माण झाले आहे. मात्र ते जेथे बसवावयाचे त्या जुन्या पुलांच्या बाबतीत त्याचा उपयोग पुष्कळ अंशी जुन्या कागदांवर अवलंबून राहणार आहे. म्हणूनच हा विषय संशोधन मंडळाच्या त्रैमासिकात मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम शब्दाचा विचार. ‘सेतु’ हा शब्द बंधनार्थक ‘सि’ धातूपासून झाला आहे. त्याचा मूळ अर्थ बांध; नदी ओलांडण्याचा पूल हा अर्थ मागाहून आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सेतुबंध’ म्हटले म्हणजे पाणी अडविण्याचे काम समजावयाचे. मराठीने ‘पूल’ हा शब्द फारसीतून घेतला, यावरून स्थायी पुलांची वहिवाट आपल्याकडे किती उशिरा पडली याची कल्पना येते. जुन्या काळी नदी ओलांडावयाची ती उताराने किंवा नावेने. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा व डाहणुका या नद्यांवर पुण्यार्थ नावा ठेवल्याचे नमूद केले आहे; पूल बांधल्याचे म्हटलेले नाही. आमच्या जुन्नरास त्याच नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख आहे. त्यात पोढी म्हणजे पाण्याचे टाके आणि मंडप यांचे दान आहे. टाकी खोदणारे, घाट कोरणारे, डोंगर पोखरणारे हे लोक पुलाच्या वाटेस गेले नाहीत, याचे कारण कौशल्याचा अभाव हे नसावे. दगड कोणता टिकेल हे त्यांना चांगले ठाऊक होते. नदीचा तळ टिकत नाही हेही त्यांना ठाऊक असले पाहिजे.

मराठी कागदपत्रांत ‘नदीस उतार नाही’, ‘उतार पाहून फौज पार केली’ अशा अर्थाचा मजकूर पदोपदी येतो. आपण तो मोहिमेच्या हालचालीसाठी वाचतो. वस्तुतः तो नदीतळाच्या उंचीचा पुरावा आहे. उतार म्हणजे जेथे तळ वर आला आहे ती जागा. आणि वाळूच्या नदीत ही जागा एका पावसाळ्यात हलते. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दालीने बागपताजवळ यमुनेला उतार शोधून काढला व सैन्य पार केले. नदी अद्याप उतरली नाही या समजुतीवर मराठ्यांची छावणी विसंबून होती. त्यातून पुढे काय झाले ते वाचकांस सांगावयास नको. गतवर्षीचा तळ यंदा तेथेच असेल हे गृहीत धरणे किती महाग पडू शकते, याचे इतके ठळक उदाहरण आपल्या इतिहासात दुसरे नाही.

आता तळ उकरला जातो तो कसा ते पाहू. अभियंते या क्रियेस ‘स्कौर’ म्हणतात व मराठीत बोलतानाही तोच शब्द योजतात. काठचे लोक ‘खांबापाशी डोह पडला’ असे म्हणतात, आणि मला हा प्रयोग अधिक नेमका वाटतो. वाहते पाणी खांबावर आदळले की त्यास पुढे वाट राहत नाही. त्यातील काही भाग खांबाच्या दर्शनी अंगावरून सरळ खाली तळाकडे झेपावतो, तळाशी उलटा गुंडाळतो आणि खांबाला दोन्ही बाजूंनी वेढा देऊन पुढे निघून जातो. वरून पाहिले असता या भोवऱ्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा दिसतो. हा भोवरा वाळू, गोटे व मुरूम उचलतो. खांबाच्या मागच्या अंगास जे उभे भोवरे सुटतात ते तो माल दूर नेऊन टाकतात. पाणी जितके खोल व वेगाचे, तितका खड्डा मोठा. शिवाय पुलाच्या खांबांनी व भरावांनी पात्र अरुंद केलेले असते, त्यामुळे पुलाखालचा सगळाच तळ थोडाफार खाली जातो तो वेगळा.

यातील खरी मेख पुढेच आहे. पूर ओसरू लागला, वेग कमी झाला, की पाण्यातील वाळू बसू लागते व तो खड्डा आपोआप भरून येतो. दिवाळीनंतर कोणी पाहणीस गेला तर त्यास सपाट वाळवंट दिसते. पण ही नवी वाळू सैल असते. तिच्यात भार पेलण्याची शक्ती जुन्या दबलेल्या थराइतकी नसते. आपल्यापैकी ज्यांनी जुनी पोथी हाताळली आहे त्यांना हरताळ लावून अक्षर बुजवणे व त्यावर नवे लिहिणे हा प्रकार परिचित आहे. नदी दरवर्षी हेच करते, आणि तिचा हरताळ इतका सफाईचा असतो की खालचे अक्षर उन्हाळ्यात वाचता येत नाही. पुराच्या ऐन भरात पाया किती उघडा पडला होता याची साक्ष पुरासंगेच नाहीशी होते.

या अदृश्य खोलीचा अंदाज गणिताने बांधण्याचे काम विसाव्या शतकात झाले, आणि त्याचा बराच भाग पुण्याजवळ झाला हे आपल्या वाचकांस जाणून संतोष होईल. संयुक्त प्रांतातील कालव्यांवर काम केलेले जेराल्ड लेसी यांनी १९३० साली स्थिर प्रवाहांविषयी आपला प्रसिद्ध निबंध मांडला. त्यांच्या सूत्राप्रमाणे पुराचा विसर्ग घनमीटरांत घेऊन त्यास गाळाच्या गुणकाने भागावे, त्याचे घनमूळ काढावे व ०.४७३ ने गुणावे. म्हणजे पुराच्या पातळीपासून मोजलेली धुपीची साधारण खोली मीटरांत मिळते. गुणक वाळूच्या कणावरून ठरतो: कणाचा व्यास मिलिमीटरांत घेऊन त्याच्या वर्गमुळाची १.७६ पट. उदाहरणार्थ, विसर्ग सेकंदास २,००० घनमीटर व गुणक १ असेल तर खोली ६ मीटरांच्या जवळपास येते.

परंतु खांबाजवळ खड्डा याहून खोल पडतो. किती खोल, हा प्रश्न १९१६ साली मुंबई इलाख्यात सुरू झालेल्या आणि पुढे खडकवासल्यास नांदलेल्या जलसंशोधन केंद्रात हाताळला गेला. तेथील प्रमुख सर क्लॉड इंग्लिस यांनी प्रत्यक्ष पुलांवरील मापे गोळा केली व प्रतिकृतींवर प्रयोग केले; १९१५ साली खुल्या झालेल्या, गंगेवरील सारा येथील हार्डिंज पुलाचा मार्गदर्शक बांध १९३३ मध्ये फुटल्यानंतर त्या नदीचाही अभ्यास पुण्यास झाला. हा पूल आज बांगलादेशात आहे. निष्कर्ष असा निघाला की खांबाजवळची कमाल खोली लेसीच्या खोलीच्या दुप्पट धरावी. आपल्याकडील रस्त्यांच्या व रेल्वेच्या पुलांचे नियम आजही याच पायावर उभे आहेत. वरील उदाहरणात ही खोली १२ मीटर होईल, आणि तिच्याखाली आणखी एक तृतीयांश, म्हणजे ४ मीटर, पाया रुतलेला असावा असा दंडक आहे. पुण्याच्या केंद्रातील डी. व्ही. जोगळेकर यांचा नद्यांचे वर्तन व नियंत्रण या विषयावरील ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजीत असल्यामुळे तो मराठी वाचकांच्या दृष्टीआड राहिला. खरे म्हणजे महाराष्ट्रातील शास्त्रीय वाङ्मयाचा इतिहास लिहिताना त्याची दखल घेतली जावयास हवी.

सूत्र हे अखेर अनुमान आहे. अनुमानास प्रत्यक्षाची जोड हवी असे आपले नैयायिकही सांगतात. प्रत्यक्षाचे जुने साधन म्हणजे दोरीला बांधलेले शिसे: नावेतून किंवा पुलावरून ते सोडावयाचे व तळ लागेल तेथे दोरीवरील खूण वाचावयाची. रेल्वेच्या मोठ्या पुलांवर अशी मापे दप्तरी ठेवण्याची पद्धत पूर्वीपासून आहे. पण भर पुरात नाव जाऊ शकत नाही व शिसे लोटाबरोबर वाहत दूर जाते. म्हणून ही मापेही बहुधा पूर सरल्यावरचीच असतात.

ही उणीव भरून काढण्याची निकड जगाला एका अपघाताने पटविली. ५ एप्रिल १९८७ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी ओढ्यावरील हमरस्त्याचा पूल पुरात कोसळून १० माणसे दगावली. पूल अवघा तीस-बत्तीस वर्षांचा होता. खांबाच्या पायाखालची माती वर्षानुवर्षांच्या पुरांत निघून गेली होती व वरचे बांधकाम निर्दोष दिसत होते. यानंतर तेथे पुलांच्या पायांची या दृष्टीने तपासणी सुरू झाली आणि १९९० च्या दशकात खांबांवर कायम बसवावयाची संवेदक यंत्रे तयार झाली.

त्यांतील एक प्रकार ध्वनीवर चालतो. खांबाला पाण्याखाली एक उपकरण घट्ट बांधतात. ते तळाकडे ध्वनीचा स्पंद सोडते व प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळावरून तळाचे अंतर काढते. पाण्यात ध्वनी सेकंदास सुमारे दीड हजार मीटर जातो, तेव्हा हे सर्व निमिषार्धात होते व दर काही मिनिटांनी पुन्हा होते. दोष इतकाच की गढूळ पाण्यातील बुडबुडे, फांद्या व ओंडके यांनी प्रतिध्वनी बिघडतो. दुसरा प्रकार मला अधिक आवडतो, कारण तो एखाद्या गावच्या सुतारालाही समजावून सांगता येतो. तळात एक पोकळ दांडा खोल ठोकतात व त्याभोवती लोहचुंबक बसविलेले एक जड कडे सैल ठेवतात. कडे तळावर बसलेले असते. तळ उकरला गेला की कडे खाली घसरते, आणि दांड्याच्या आतील कळा ते कोठवर गेले हे सांगतात. पूर ओसरून खड्डा भरला तरी कडे वर येत नाही. वाळूखाली तेथेच गाडले जाते. अर्थात् त्या नदीने त्या पुरात गाठलेली सर्वांत खोल जागा कायमची नोंदली जाते. नदीच्या हरताळाखालचे अक्षर वाचणारे हे साधन होय.

याशिवाय तळाच्या निरनिराळ्या खोलींवर लहान तरंगती यंत्रे पुरून ठेवतात. धूप तेथवर पोचली की यंत्र सुटून पृष्ठभागावर येते व बिनतारी संदेश देते. एकदा सुटले की त्याचे काम संपले. खांब किंचित् कलला तरी सांगणारी कलमापकेही असतात, पण ती रोग जडल्यावर ताप सांगणाऱ्या नळीसारखी आहेत. तोपर्यंत पायाखालची माती गेलेली असते.

आपल्या प्रांतात या विषयाला जीवनमरणाचे स्वरूप आले ते २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री. मुंबई-गोवा महामार्गावर महाडनजीक सावित्री नदीवर १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. शेजारी नवा पूल झाल्यावरही मुंबईकडे जाणारी वाहने जुन्यावरून जात. त्या रात्री, साडेअकराच्या सुमारास, महापुरात हा पूल कोसळला. जयगडहून मुंबईस व राजापूरहून बोरिवलीस निघालेल्या दोन एस.टी. गाड्या आणि एक मोटार अंधारात नदीत गेल्या. सुमारे चाळीस माणसांचा बळी गेला. गाड्या शोधण्यासाठी तीनशे किलोंचे लोहचुंबक यारीने पाण्यात सोडावे लागले व त्यातही कित्येक दिवस गेले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. पुढे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहून ५ जून २०१७ रोजी खुला झाला.

मे महिन्यातील पाहणी, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मे महिन्यात सावित्री शांत असते. कमानींचे दगड, सांधे, त्यांत रुजलेली झाडे हे सर्व डोळ्यांना दिसते. तळ दिसत नाही, आणि दिसला तरी तो पुरातला तळ नसतो. शिवाय दगडी कमानींच्या पुलाचा एक स्वभाव आहे. प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला रेटा देऊन उभी असते. मधला एक खांब ढळला की दोन्ही बाजूंचा तोल जातो व एकामागून एक कमानी खाली येतात. लोखंडी तुळयांचा पूल पुष्कळदा वाकतो, कुरकुरतो, सूचना देतो. दगडी कमान क्षणापूर्वीपर्यंत काही सांगत नाही. त्या रात्री पूल गेल्याची पहिली वार्ता दिली ती कोणत्याही यंत्राने नव्हे. जवळच काम करणाऱ्या एका माणसाला गाड्यांचे दिवे एकाएकी नाहीसे होताना दिसले म्हणून पुढील वाहने थांबविली गेली.

कोकण रेल्वेने माणगाव-वीर दरम्यान काळ नदीवर, वीर-सापे वामने दरम्यान सावित्रीवर व चिपळूण-कामथे दरम्यान वाशिष्ठीवर पूरसूचक यंत्रे बसविली आहेत. पाणी धोक्याच्या खुणेवर गेले की अधिकाऱ्यांस सूचना मिळते. ही व्यवस्था स्तुत्य आहे. तथापि पाण्याची उंची आणि तळाची खोली या दोन भिन्न गोष्टी होत, आणि त्यांची गल्लत सरकारी पत्रकांपासून वृत्तपत्रांपर्यंत सर्वत्र होताना दिसते. पाणी खुणेच्या खाली असतानाही पायाखाली डोह पडू शकतो. महाडच्या घटनेनंतर त्याच वर्षी केंद्र सरकारने राष्ट्रीय महामार्गांवरील दीड लक्षाच्या आसपास पूल व मोऱ्या यांची गणती हाती घेतली. गणतीने पुलाचे वय कळते. पायाची खोली कळेलच असे नाही.

दख्खनच्या पठारावर हा प्रश्न निराळ्या रूपात येतो, व त्यासाठी मी आमच्या कुकडीकडे वळतो. नाणेघाटाच्या परिसरात, पूरच्या कुकडेश्वराजवळ उगम पावून ही नदी जुन्नर व लेण्याद्री यांच्याजवळून ओझरास येते. येथे विघ्नहराचे देऊळ तिच्या काठी आहे. वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी त्याचा जीर्णोद्धार केला अशी परंपरा आहे. आज येडगाव धरणाच्या फुगवट्यामुळे देवळापुढचे पाणी बहुतेक स्थिर असते. स्थिर पाणी तळ उकरीत नाही. उलट गाळ टाकते. मात्र धरणाने गाळ अडवून ठेवल्यावर जे पाणी खाली सुटते ते निवळ असते, आणि निवळ पाणी आपली गाळाची भूक पुढच्या पात्रातून भागविते. अभियंते त्यास ‘भुकेले पाणी’ म्हणतात. त्यात माणसाने वाळू उपसण्याची भर घातली की तळ दुहेरी खचतो. पोर्तुगालमध्ये दुरो नदीवरील १८८७ चा हिंत्से रिबेरो पूल ४ मार्च २००१ च्या रात्री खांब खचून पडला व ५९ माणसे गेली. त्या चौकशीत अनेक वर्षांच्या वाळूउपशाचा दोष पुढे आला. आपल्याकडच्या नद्यांच्या काठी राहणाऱ्यास यावर भाष्याची गरज नाही.

आमच्याकडे तळाशी खडक आहे, मग भय कसले, असे पुष्कळ जण म्हणतात. काळा पाषाण असेल तर एका पुलाच्या आयुष्यात भय थोडेच. पण मुरूम व मांजऱ्या यांना खडक म्हणून त्यांवर पाया ठेवला असेल तर गोष्ट वेगळी. आणि काळ्या पाषाणाचाही गर्व कुकडीनेच उतरविला आहे. ओझरपासून खाली, निघोजजवळ, तिने आपल्या पात्रातील अखंड खडकात रांजणखळगे कोरले आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी फिरत राहून त्यांनी हे रांजण खोदले. खांबाच्या पायथ्याशी वाळूत एका रात्रीत जे घडते, तेच येथे दगडात युगानुयुगे घडलेले उघड्यावर पाहावयास मिळते. मधल्या टप्प्यात बोरीजवळ नदीकाठच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. ती राख सुमात्रातील तोबा ज्वालामुखीची असल्याचे प्रतिपादन झाले आहे. तिच्या काळाविषयी विद्वानांत मोठा तंटा आहे: कोणी चौदा लक्ष वर्षे म्हटले, कोणी सहा लक्ष सत्तर हजार, कोणी पंचाहत्तर हजार. राख कोणत्या स्फोटाची हा या तंट्याचा एक भाग; नदीने तो थर कितीदा उकरला व पुन्हा टाकला असेल हा दुसरा. म्हणजे प्रागैतिहासिक संशोधक व पुलाचा अभियंता दोघेही एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: हा थर मूळचा की मागाहून भरलेला?

आता मंडळाच्या सभासदांशी या विषयाचा संबंध. संवेदकाने सांगितले की तळ चार मीटर खाली गेला, तर त्याचा अर्थ काय? पाया दहा मीटर खोल असेल तर काही नाही. पाच मीटर खोल असेल तर पूल तत्काळ बंद केला पाहिजे. पायाची खोली ठाऊक नसेल तर आकडा निरर्थक आहे. अमेरिकेत अशा पुलांचा ‘अज्ञात पायांचे पूल’ म्हणून स्वतंत्र वर्ग करावा लागला, व त्यांची संख्या हजारांत भरली. आपल्याकडील इंग्रजी अमदानीतील पुलांची गत याहून बरी असण्याचे कारण नाही. मूळ नकाशे कचेऱ्यांच्या स्थलांतरांत, वाळवीत, पुरांत व रद्दीत गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्यात नदीकाठच्या वस्तीतून किती कागद वाहून गेले याची मोजदाद कोणी केली नाही.

तरी सर्वच गेले असे नाही. पुलांची कामे ठेकेदारांनी केली, व त्यांचे हिशेब त्यांच्या घरी राहिले. विहिरी उतरवून पाया घेतला असेल तर विहीर किती हात उतरली यावर मजुरी ठरे; म्हणून हजेरीपट व बिले हीच पायाच्या खोलीची साक्ष होत. पाथरवटांच्या वह्यांत दगडाच्या थरांची संख्या असते. संस्थानी दप्तरांत, विशेषतः दक्षिणेतील लहान संस्थानांच्या दप्तरांत, बांधकाम खात्याचे रुमाल पुष्कळदा कोणी सोडलेलेही नसतात. मोडीचा जाणकार या रुमालांस नाक मुरडतो, कारण त्यांत सनदा नाहीत, वंशावळी नाहीत. मीही अनेक वर्षे सनदाच हुडकीत आलो. परंतु एका सनदेने फार तर एका इनामाचा वाद मिटतो. पायाच्या खोलीचा एक कागद मिळाला तर त्या पुलावर बसविलेल्या यंत्राच्या आकड्याला अर्थ येतो.

यंत्रासंबंधी आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. रुद्रदामनाच्या लेखात असे म्हटले आहे की खिंडार इतके मोठे होते की राजाचे मतिसचिव व कर्मसचिव, दोघेही प्रकारचे अधिकारी, दुरुस्तीस प्रतिकूल झाले व लोक हाय हाय करू लागले. तेव्हा आनर्त-सुराष्ट्राचा अधिकारी पह्लव अमात्य सुविशाख याने काम तडीस नेले, व राजाने प्रजेवर कर न बसविता खर्च आपल्या कोशातून दिला. खिंडाराचे माप आणि काम तडीस नेणारा व पैसा देणारा यांची नावे एकाच लेखात आली आहेत. आज रात्री दोन वाजता एखाद्या खांबावरील कडे घसरले तर संदेश कोणास जावा, व रस्ता बंद करण्याचा अधिकार त्याच क्षणी कोणाच्या हाती असावा, हे यंत्र बसविण्यापूर्वी लेखी ठरले पाहिजे. एरव्ही तो आकडा सकाळी कचेरी उघडल्यावर वाचला जाईल.

ज्या सभासदांच्या संग्रही बांधकामाचे जुने कागद असतील त्यांनी ते चाळताना मथळ्यावर पुलाचे नाव शोधू नये. तसे बहुधा नसते. नदीचे किंवा जवळच्या गावाचे नाव, ‘विहीर’ किंवा ‘चर’ यांपुढे हातांत अगर फुटांत दिलेला आकडा, आणि ‘खडक लागला’ किंवा ‘मुरूम लागला’ हे शब्द, एवढे दिसले की तो कागद निराळा काढावा, त्याची नक्कल मंडळाकडे द्यावी व मूळ कागद कोणत्या गावी, कोणत्या घराण्याच्या रुमालात मिळाला ते पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवावे.